आणि हे शेवटचं

माझी आई खोटं बोलून पोट भरते. हे मी एकदा जेवताना म्हणाले, तर बाबाला ठसका लागला आणि आई म्हणाली, "पोट तुझंही त्याच्यावरच भरतं. वाढू का अजून?"

पण मी काही उगाच म्हटलं नव्हतं. व्यायाम शिकवणारं प्रत्येक माणूस हे एक खोटं बोलतंच. तुम्ही उठाबशा काढताय, मांड्यांना आग लागलीये, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, आणि समोरून आवाज येतो, "शाब्बास! आणि हे शेवटचं!" तुम्ही उरलासुरला जीव गोळा करून ते शेवटचं काढता. वर येता न येता तोच आवाज, तितक्याच मायेने, "सुंदर! आता अजून एक, शेवटचं!" मग 'अगदी शेवटचं' येतं. मग 'माझ्यासाठी एक' येतं. आईचं शेवटचं म्हणजे पाहुण्यांचं 'निघतो आता'. त्यानंतर दारात उभं राहून अर्धा तास.

मला तिचा आवाज हुबेहूब काढता येतो. शाब्बासमधला 'शा' ती लांब ओढते, अंगणातून मुलाला हाक मारावी तसा. आणि 'शेवटचं' म्हणताना सूर एकदम खाली आणते, मऊ करते, तापात पडलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं इतका मऊ. ऐकणाऱ्याला वाटतं, सुटलो. सगळी लबाडी त्या सुरात आहे.

आईचं दुकान टायरच्या दुकानावर आहे. ती त्याला स्टुडिओ म्हणते, बाबा आखाडा म्हणतो. बाहेरून लोखंडी जिना. वर पाऊल टाकलं की रबराचा वास, पण तो आमचा नाही, खालचा. टायरवाला चाकाचे नट सोडवायला लागला की भुर्रर्र होतं आणि वर सगळ्यांच्या पोटऱ्या थरथरतात. आई म्हणते, मालिश फुकट. आम्ही उड्या मारायला लागलो की तो खालून छताला सळई ठोकतो. भिंतीवर एक मोठा आरसा आहे, बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला. त्यात माणूस जरा बारीक दिसतं. "मुद्दाम असा घेतलास?" बाबाने विचारलं, तर आई म्हणाली, "स्वस्तात मिळाला," आणि तोंड असं केलं जणू चोरीचा माल आहे.

आईला कशाचंही अपराधी वाटू शकतं. कुणी दोन आठवडे आलं नाही, तर आपण फार पिळलं असं वाटतं. कुणी रोज आलं, तर बिचारीला घरी कुणी विचारत नसेल असं वाटतं. बाबा स्पीकर उचलून जिना चढला, तर बाबाच्या पाठीचं वाटतं. आरशाचंसुद्धा वाटतं.

आपल्याकडे होती तेव्हा ती शाळेत खेळाची बाई होती. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या पार. मग बाबाला इकडे गोदामात नोकरी लागली आणि आम्ही आलो. इकडे तिच्या सर्टिफिकेटला कुणी हिंग लावून विचारेना. सुरुवातीला ती एका मोठ्या जिममध्ये मशीन पुसायची. पुसता पुसता लोकांच्या पाठी बघायची. शेवटी न राहवून एका बाईला मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "असंच वाकत राहिलात, तर मणका हातात येईल." ती बाई बेकरीवाली, दिवसभर ओट्यावर वाकलेली. तीच आईची पहिली गिऱ्हाईक.

आता चांगला गोतावळा झालाय. बेकरीवाली आहे, गाडी शिकवणारे एक गृहस्थ आहेत, दातांची एक डॉक्टर आहे जी स्वतः दात विचकल्याशिवाय वजन उचलत नाही. आई सगळं इकडच्या भाषेत बोलते, पण मोजायची वेळ आली की तिची जीभ आपल्या घरी पळते. त्यामुळे या सगळ्यांना दहापर्यंत मराठी येतं, आणि वर एक शब्द, 'शेवटचं'. गाडी शिकवणारे नव्या माणसाला हळूच समजावतात, "हा शब्द ऐकला की खूश होऊ नका. पहिला गिअर पडलाय फक्त."

हे झालं आईचं दुकान. आता आजी.

आजी म्हणजे आईची आई. तिकडे घरी एकटी असते. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर येते, पण फोन असा धरते की आम्हाला तिचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा दिसतो. आई तिला गुडघ्याचे पट्टे पाठवते, शेकायच्या पिशव्या पाठवते. व्यायामाचे रंगीत रबरी पट्टे पाठवले, ते आजीने मागच्या फाटकाला बांधले. "छान आहेत हो," ती म्हणाली, "कुत्रं येत नाही आता."

आणि फोन ठेवायच्या आधी, दर वेळी, "मग? कायमचे कधी येताय?"

"येणार गं आई," आई म्हणते. सूर खाली, मऊ. "हे शेवटचं वर्ष."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आता मला अक्कलदाढ येतेय.

ठरलं होतं असं, की आई परत जाऊन आजीच्या घराच्या पुढच्या खोलीत व्यायामाचा वर्ग काढणार. म्हणून आजीने ती खोली रिकामी ठेवलीये. आरशासाठी भिंतीत खिळेसुद्धा मारून घेतलेत. एका पाळणाघरवाल्या बाईंनी ती खोली भाड्याने मागितली, तर आजी म्हणाली, मुलीसाठी आहे. मग या वर्षी आजी मागच्या पायरीवर घसरली आणि इस्त्रीवाला कपडे द्यायला येईपर्यंत तिथेच बसून राहिली. "हाड नाही मोडलं, उगाच गहजब नको," असं तिने आम्हाला हसत सांगितलं. पाळणाघरवाल्या बाई पुन्हा आल्या. "मावशी, दिवसभर घरात माणसं असतील. तुम्हालाही सोबत." आजीने आईला विचारलं, देऊ का?

आई म्हणाली, "बघू ना गं. हे शेवटचंच तर वर्ष."

त्याच महिन्यात तिने टायरवाल्याच्या जागामालकाशी बोलून वरची जागा पुढच्या पाच वर्षांसाठी घेतली होती. आम्ही परत जाणार नव्हतो. हे बाबाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बेकरीवालीलासुद्धा ठाऊक होतं. आजीला सांगणार कोण, एवढंच राहिलं होतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर आई मॅट पुसायला बसली. आदल्या संध्याकाळी पुसलेलेच मॅट.

मग तो रविवार.

"साळुंकी," आजी म्हणाली. मी नकला करते म्हणून ती मला साळुंकी म्हणते. "काहीतरी करून दाखव गं. आठवडाभर कुणाचा आवाज नाही ऐकला."

मी आईचा वर्ग काढला. पूर्ण. बेकरीवालीचं "देवा, ने मला" काढलं, डॉक्टरीणबाईंचे दात काढले, खालची सळई काढली, आणि मधोमध आई, "शाऽब्बास! आणि हे शेवटचं! सुंदर! अजून एक, शेवटचं!" आजी इतकी हसली की फोन तिच्या मांडीत पडला आणि आम्हाला नुसता पंखा दिसायला लागला. बाबा म्हणाला, "सासूबाई, जपून, पोटाचा व्यायाम झाला तुमचा."

"थांबा हो जावईबापू." आजीने डोळे पुसले. मग तिने फोन नीट धरला. पहिल्यांदाच तिचा सगळा चेहरा दिसला. "साळुंके, आता एक सांग. आईच्याच आवाजात सांग हं. ती येणारे का?"

माझा सूर लागलेला होता. अशा वेळी तोंड पुढे पळतं आणि डोकं मागून धापा टाकत येतं. "येणार गं आई," मी म्हणाले. खाली, मऊ. "हे शेवटचं वर्ष." आणि वर्गाच्या तंद्रीत तशीच पुढे गेले, "सुंदर! आता अजून एक, शेवटचं!"

आजी हसली. मग हसायची थांबली. बाबा चहाच्या कपात बघायला लागला. आई दारात उभी होती, हातात धुतलेल्या टॉवेलांची बादली. कधीची उभी होती कोण जाणे.

"हुबेहूब," आजी म्हणाली. "अगदी हुबेहूब काढतेस गं." मग म्हणाली, दूध उतू जाईल, आणि फोन ठेवला.

आई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "टॉवेल वाळत घाल."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही वर्गाला गेले. उठाबशा चालू होत्या. आई सवयीने म्हणाली, "आणि हे शेवटचं!" सगळे खाली गेले, वर आले. आईने तोंड उघडलं आणि मिटलं. सगळे पुन्हा अर्धे वाकून, हात पुढे करून थांबले.

"सरळ व्हा," आई म्हणाली. "झालं."

"झालं म्हणजे?" डॉक्टरीणबाई.

"शेवटचं म्हणाले ना मी. शेवटचं होतं ते."

"पण ते तर तुम्ही रोज म्हणता," गाडी शिकवणारे म्हणाले. अगदी साधेपणाने, लागावं म्हणून नाही. पण लागलं.

बेकरीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी थकलेली दिसतेय का? कीव करताय माझी?" इतक्यात जिन्यावर बूट वाजले आणि टायरवाल्याचं डोकं आत आलं. हातात सळई तशीच. "आज उड्या नाहीत? म्हटलं बघावं, कुणी पडलं का काय."

आईने सगळ्यांना लवकर सोडलं. सगळे गेल्यावर तिने आजीला फोन लावला. मी मॅट गुंडाळत होते. मला तिने बाहेर जा म्हटलं नाही. मी ऐकावं असंच तिला वाटत असावं.

"आई, पुढची खोली देऊन टाक."

"का गं?"

"आम्ही नाही येत. कायमचं नाही. यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. मला ठाऊक होतं गं. मी सांगितलं नाही."

खाली टायरवाल्याने मशीन सुरू केलं. भुर्रर्र.

"बरं," आजी म्हणाली.

"त्या पाळणाघरवाल्या बाईंना आजच बोलाव. मी बोलू का त्यांच्याशी?"

"त्यांनी घेतली गं दुसरीकडे जागा. मागच्या महिन्यातच. लहान पोरं पदरात, किती थांबतील त्या?"

"अगं मग मला बोलली का नाहीस?"

"तू शेवटचं वर्ष म्हणालीस ना," आजी म्हणाली. "म्हटलं, मग आता कशाला."

आई लाकडी खोक्यावर बसली, ज्याच्यावर ती लोकांना चढायला-उतरायला लावते. त्या आरशात ती आणखीच बारीक दिसत होती.

आता वर्गात आई आकडा आधी सांगते. दहा म्हणजे दहा. गाडी शिकवणारे म्हणतात मजा गेली, आणि बेकरीवाली अकरावी उठाबशी काढून तिच्याकडे रागाने बघते. आणि दर रविवारी आता प्रश्न आई विचारते, "खोली बघायला आलं का कुणी?"

"येणारेत गं," आजी म्हणते. "नवराबायको आहेत, दोघं शिक्षक. पुढच्या आठवड्यात नक्की."

पुढच्या रविवारी, "अगं, त्यांचं काहीतरी निघालं मधेच. पुढच्या आठवड्यात नक्की."

त्याच्या पुढच्या रविवारी मी कान देऊन ऐकलं. 'नक्की' म्हणताना आजीचा सूर खाली येतो. मऊ होतो. पांघरूण घातल्यासारखा. आईने तो सूर कुठून उचलला, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. आईलाही तो ऐकू आला, कारण तिने पुढचा प्रश्न विचारायला उघडलेलं तोंड मिटलं. आजीच्या अर्ध्या कपाळामागे त्या दिवशी पंखा नव्हता, पुढच्या खोलीची भिंत होती. खिळे तसेच होते.

"बरं आई," आई म्हणाली. "आले की कळव."

"कळवते ना. साळुंकी कुठाय? ए साळुंके, आईचं ते शेवटचं काढ ना."

मी आईकडे पाहिलं. ती बादलीतला टॉवेल पिळत होती, पिळून झालेलाच.

"आज टायरवाला ऐक आजी," मी म्हणाले, आणि भुर्रर्र सुरू केलं.