सोड्यांची खिचडी आणि अमेरिकन पाहुणा

माझ्या घरात अमेरिका शिरली ती ट्युनिशिया आणि सेनेगलच्या वाटेनं.

आम्ही राहतो सौदीतल्या अल खफजीला. थोडं पुढं गेलं की कुवेत, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू, आणि मधे माझं दुकान. दोरखंड, रबरी बूट, हातमोजे, तेलाच्या बोटींवर लागतं ते सगळं. कोकणातल्या हर्णैहून एक पिशवी घेऊन आलो होतो. बाकीचं सगळं घासाघीस करून मिळवलं. गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणालं की माझ्या अंगात बळ येतं. ‘नाही’ म्हणजे माणूस बोलायला तयार आहे! खरं गिऱ्हाईक तीनदा नाही म्हणतं, दोनदा दारापर्यंत जातं, आणि मग हातमोजे घेऊन जातं.

माझी बायको शमीम लग्नाआधी दापोलीत इंग्रजी शिकवायची. इथं आल्यावर तिनं आमच्या बैठकीच्या खोलीत क्लास काढला. विद्यार्थी दोनच, पण जागा दहा जणांची घेणारे. एक ट्युनिशियाचा मुन्सिफ, वेल्डर. दुसरा सेनेगलचा मामदू, क्रेन चालवणारा, इतका उंच की दारातून येताना सलाम आपोआप व्हायचा. दोघंही आपसात फ्रेंच बोलायचे. त्यांच्या कामावर नवा अमेरिकन साहेब आला होता आणि नव्या बोटीसाठी तो माणसं निवडणार होता. इंग्रजी बोलणारी, आणि त्याच्याशी जमवून घेणारी.

तेव्हापासून संध्याकाळी माझ्या सोफ्यावर मामदू, आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर!

“आय हॅव थर्टी इयर्स,” मामदू म्हणायचा.

“आय अ‍ॅम थर्टी,” शमीम सुधारायची.

“त्याचं काय चुकलं?” मी आतून ओरडायचो. “वर्षं त्याचीच आहेत ना? आहेत तर आहेत!”

“अहो, तुमचं इंग्रजी दुकानात ठेवून येत जा!”

(माझं इंग्रजी मी खलाशांशी भांडून शिकलोय. त्यात व्याकरण नाही, पण आजवर कुणाला समजलं नाही असं झालेलं नाही.)

एकदा तिनं सांगितलं की अमेरिकन लोक सोप्या कामाला केकचा तुकडा म्हणतात. मुन्सिफनं वहीत लिहून घेतलं आणि तासभर स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसला. शेवटी मला दया आली. मी त्याला बिस्किटं नेऊन दिली.

हे सगळं मी सहन केलं. पण मग सोड्यांचा विषय निघाला.

सोडे म्हणजे सोललेली, उन्हात वाळवलेली कोलंबी. अम्मा हर्णैला अंगणात स्वतः वाळवते. कावळ्यांना शिव्या घालत, काठी हातात घेऊन. गावाकडून कुणी इकडं निघालं की त्याच्या सामानात एक पुडकं ठरलेलं. या खेपेला पुडक्यासोबत निरोप आला: “हे शेवटचे. आता पाठ ऐकत नाही माझी.” मी ते पुडकं फ्रीजरमधे ठेवलं. कधीकधी नुसतं दार उघडून बघायचो. वास येत नाही फ्रीजरमधे, तरी यायचा. शमीम विचारायची, करू का खिचडी? मी म्हणायचो, थांब. एकदा खाल्ली की मग वाट कशाची बघायची?

आणि एके दिवशी शमीम म्हणाली, “गुरुवारी करते सोड्यांची खिचडी. क्लाससाठी.”

“कशासाठी?”

“क्लासच्या पोरांनी साहेबाला घरी जेवायला बोलवलंय. त्याची तालीम करून घ्यायची आहे. आपल्या घरचा एखादा खास पदार्थ पाहुण्यापुढं ठेवायचा आणि त्याची गोष्ट सांगायची, असा धडा आहे.”

“चिकन कर! चिकनला पण गोष्ट असते!”

“चिकन सगळ्या जगात मिळतं.”

माझा आवाज वरच्या मजल्यावर गेला. वरच्या मजल्यावरून खुर्ची आपटल्याचा आवाज खाली आला. आमची मुलगी सना म्हणाली, “अब्बा, प्लीज, नेबर्स!” शेवटी मी दुकानात सौद्याला बसतो तसा बसलो.

“तालमीत साहेब कोण होणार?” मी विचारलं.

“सना.”

“सना नाही. मी. माझे सोडे, माझी खुर्ची. पाहुण्याला आधी वाढतात ना?”

शमीम म्हणाली, “हो. आधी पाहुण्यालाच.”

“खलास!” मी म्हणालो. सौदा झाला. पहिली, वाफाळती, भरलेली थाळी माझी. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

गुरुवारी दुकान लवकर बंद केलं. जिन्यातच वास आला. कांदा, ओलं खोबरं आणि त्याच्या मागून तो, आमच्या अंगणाचा, भरतीच्या वाऱ्याचा. मी पहिल्या मजल्यावर थांबलो. गुडघ्यासाठी थांबलो असं वाटावं म्हणून गुडघा धरला.

टेबलावर खिचडीचं पातेलं. मी साहेबाच्या खुर्चीवर. सकाळपासून चहाशिवाय काही पोटात घातलं नव्हतं. जागा ठेवली होती.

मुन्सिफनं गोष्ट सांगितली. सोडे, समुद्र, एक म्हातारी आई आणि कावळे. शमीमनं पाठ करून घेतली होती. चांगली सांगितली. मग त्यानं पातेलं उचललं, माझ्यापुढं धरलं आणि हसून म्हणाला, “सर, वुड यू लाइक सम?”

आता हर्णैमधे वाढलेला माणूस याला काय उत्तर देतो? जे उत्तर मी प्रत्येक दारात, प्रत्येक दावतीत, लहानपणापासून देत आलो तेच.

“नो, नो,” मी पोटावर हात फिरवत म्हणालो. “यू ईट.”

“ओके, सर!” मुन्सिफ म्हणाला, आणि पातेलं मामदूकडं गेलं.

मी हसत राहिलो. दुसऱ्यांदा विचारेल. दुसऱ्या ‘नको’ला आवाज थोडा उतरवायचा, तिसऱ्यांदा ‘बरं, थोडीशीच’, आणि मग ते डोंगर वाढतात. रीत आहे ही! मामदूनं वाढून घेतली. सनानं घेतली. पातेलं परत मुन्सिफकडं आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात पुढं केला... आणि मागं घेतला. मग माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

“नाइस वेदर, सर,” मामदू म्हणाला.

मी खोकलो. मी पातेल्याकडं बघितलं. मी म्हणालो, “व्हेरी गुड स्मेल!” मुन्सिफ म्हणाला, “थँक यू, सर!” आणि चमच्यानं पातेल्याची कड खरवडून घेतली. शमीमकडं बघितलं तर ती विद्यार्थ्यांकडं अशा कौतुकानं बघत होती की जणू ही पोरं आत्ताच अमेरिकेत उतरली.

पातेलं वाजलं. रिकाम्या पातेल्याचा तो आवाज मी कुठंही ओळखेन.

“अरे, वाढा ना कुणी मला!” मी उभाच राहिलो. मराठीत! “माझ्या आईचे सोडे आहेत ते!”

सगळे थिजले. सनाचा घास तोंडातच राहिला. “बट अब्बा, यू सेड नो!”

“नाही म्हणालो म्हणजे नाही असतं का?”

“अमेरिकेत असतं,” शमीम म्हणाली. “तोच तर आजचा धडा होता. एकदाच विचारायचं. नाही म्हणाला की नाही. ताटात बळंच वाढलं तर साहेबाला राग येतो. मला वाटलं तुम्ही त्यांची परीक्षा बघताय!”

मुन्सिफला ती भांडण कशाचं ते सांगू लागली तसा त्याचा चेहरा पडला. अरबीत मला म्हणाला, “चाचा, अल्लाशपथ, मी दुसऱ्यांदा विचारणारच होतो. माझ्या आईनं बघितलं असतं, पाहुण्याला एकदा विचारून पातेलं फिरवलं, तर मला घरात घेतलं नसतं. तिकडं तर मान धरून खायला घालतात.”

“आमच्याकडं सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात,” मामदू म्हणाला. “आई मासळीचा मधला तुकडा तोडून गुपचूप पाहुण्याच्या बाजूला सरकवते. तुमच्या बाजूला सरकवायला माझ्याकडं तुकडा होता. पण मॅडम बघत होत्या.”

त्यानं आपल्या ताटात बघितलं. त्यात एकच सोडा राहिला होता. तो त्यानं उचलून माझ्या रिकाम्या ताटात ठेवला. मी खाल्ला. हळूहळू खाल्ला. मग मामदू उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला, मुन्सिफनं नाक पुसलं, आणि शमीमनं चहा ठेवला. चहा कुणालाच विचारला नाही, सरळ ओतला.

पुढच्या आठवड्यात अमेरिकन साहेब त्यांच्या खोलीवर जेवून गेला. दोघांनाही बोटीवर घेतलं. मला सांगायला मुन्सिफ दुकानात आला. मी मुबारक म्हणालो, आणि त्याला रबरी बुटांचा भाव जरा चढाच लावला. मनात राहिलेलं कुठंतरी निघायला पाहिजे.

शुक्रवारी नमाजनंतर अम्माला फोन लावला.

“खिचडी झाली का रे?”

“झाली.”

“पोटभर खाल्लीस?”

“पोटभर,” मी म्हणालो. (तिला काय सांगणार?)

“डब्याच्या तळाशी अजून मूठभर सोडे निघाले. मोहल्ल्यातला सलीम उद्याच निघतोय तिकडं यायला. त्याच्याबरोबर पाठवू का?”

सगळं अंग ‘हो’ म्हणालं. तोंड म्हणालं, “नको गं, कशाला? तुला राहू देत.”

“बरं,” अम्मा म्हणाली.

“बरं?”

“शमीम म्हणाली मला, तुला आता एकदाच विचारायचं. बरं झालं बाई, जन्मभर विचारून तोंड दुखलं माझं. शेजारच्या हलीमाला देते. चल, ठेवते, खुदा हाफिज.”

मी लगेच परत लावला. एंगेज! हलीमाशीच बोलत असणार. आणि हलीमा म्हणजे कुठलीही गोष्ट पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणून घेणारी बाई. अमेरिका न बघता!

अख्ख्या बंदरातले खलाशी ज्याच्याशी भाव करायला कचरतात तो मी, बंद दुकानात, फोन खांद्यानं कानाला दाबून, त्या टूं-टूं आवाजाला हात जोडून सांगत होतो, “यस, प्लीज! यस, प्लीज!”