पंख्याचं तोंड

क्रेनचा पहिला ट्रेलर गावाच्या वेशीवर अडला, तेव्हा मी टॉवरच्या आत शिडीवर होते. खालून इरफानचा आवाज वॉकीटॉकीवर आला.

"मॅडम, गाव आडवं आलंय. रस्त्यात बैलगाडी लावलीय. साहेबाला बोलवा म्हणतेत."

"त्यांना सांग, साहेब शिडी उतरतायत."

इरफान माझा टेक्निशियन. तो हसला, पण हळूच. प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

लोहारा तालुक्यातल्या एका माळावर आमची पवनचक्क्यांची साइट आहे आणि मी तिची इन-चार्ज. त्या वेळी 'तात्पुरती' इन-चार्ज. आधीचे साहेब नोकरी सोडून गेले, म्हणून पुण्याचे आमचे मॅनेजर बर्वे सर यांनी नवा माणूस मिळेपर्यंत मला त्या खुर्चीत बसवलं होतं. टॉवर चढणं, गिअरबॉक्स उघडणं, केबल तपासणं ही कामं मी पहिल्यापासून करतच होते. खुर्ची तेवढी नवी होती, आणि खरं सांगायचं तर मला ती हवी होती.

अडचण अशी होती. गावच्या शिवारातल्या मशीनचं मेन बेअरिंग गेलं होतं. पात्यांचा सगळा भार पेलून त्यांना फिरू देणारं हे लोखंडी कडं. बैलगाडीच्या चाकात आख जे काम करतो, तेच हे वर उंचावर करतं. ते बदलायचं तर पाती खाली उतरवावी लागतात आणि त्याला अजस्र क्रेन लागते. ती सुट्ट्या भागांत ट्रेलरवरून येते. आमच्याकडची जमीन काळी. पाऊस झाला की त्या चिखलात माणसाची चप्पल राहते, तिथं क्रेनचं काय घेऊन बसलात? त्या श्रावणात पावसानं ओढ दिली होती. सोयाबीन माना टाकत होतं आणि आम्ही म्हणत होतो, चला, रस्ता कोरडा आहे.

म्हणजे गावाला जे नको होतं, नेमकं तेच आम्हाला हवं होतं. हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं. गावाच्या डोक्यात ते केव्हाच आलं होतं.

वेशीवर पोचले तर गर्दीनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं जीपकडं पाहिलं.

"साहेब कुठायत?"

"मीच."

पुन्हा एकदा सगळ्यांनी जीपकडं पाहून घेतलं. सरपंच बसवराज अण्णा पुढं आले. माणूस भला, आवाज मऊ.

"ताई, तुमच्यावर राग न्हाय. पण ह्यो पंखा दुरुस्त व्हायला नको. पाऊस पळवतोय त्यो."

हे मी आधीही ऐकलं होतं. असं कुणी म्हटलं की काय सांगायचं, याचं कंपनीनं छापलेलं रंगीत पोस्टरही आमच्याकडं होतं. त्या पोस्टरनं आजवर कुणाचं समाधान झाल्याचं मला ठाऊक नाही. शिवाय माझा एक स्वभाव आहे. कळंबला घरी असताना आईचा मिक्सर मी दोनदा उघडला होता, त्यातला एकदा चालू स्थितीत असताना. कुणी काही सांगितलं की मला आधी 'कसं?' असं विचारावंसं वाटतं.

"कसा पळवतो अण्णा? तुम्ही नक्की काय बघितलं?"

अण्णा गडबडले. त्यांची वादाची तयारी होती, चौकशीची नव्हती. उत्तर आलं बैलगाडीतून. गाडीत अण्णांची आई गौराव्वा बसल्या होत्या. घरात कन्नड, दारात मराठी, असं त्यांचं बोलणं.

"म्या सांगती. ढग वर आला की त्यो पंखा ढगाकडं तोंड फिरवतो. तोंड फिरवलं की वारं सुटतंय. वारं सुटलं की ढग पांगला. म्या माळवदावरनं रोज बघती."

"पण अव्वा, हा तर बंद आहे. बेअरिंग गेलंय त्याचं."

"पातं बंद हाय. तोंड फिरतंयच की! ढोंग करतोय मेला."

गर्दीनं माना डोलावल्या. मी ऑफिसला जाऊन मशीनची नोंद काढली आणि गारच पडले. गौराव्वांचं शंभर टक्के खरं होतं. बंद मशीन ढगाकडं तोंड फिरवत होतं.

याला आम्ही यॉ म्हणतो. टॉवरच्या माथ्यावर पात्यांच्या मागं जो डबा असतो, त्याच्यावर वाऱ्याची दिशा सांगणारं यंत्र असतं. वारा जिकडून येईल तिकडं मोटर अख्खा डबा वळवते. पाती बंद असली तरी हे चालूच राहतं. आणि पावसाळी ढग चालून येतो तेव्हा त्याच्यातली गार हवा खाली कोसळून पुढं पसरते. ढग यायच्या आधी त्याचा वारा येतो. मशीन त्या वाऱ्याकडं वळतं, म्हणजेच ढगाकडं वळतं. पुढं ढग बरसेल नाहीतर विरून जाईल, ती त्याची मर्जी. म्हाताऱ्या बाईनं सगळं बरोबर पाहिलं होतं. फक्त आधी काय आणि मग काय, यात उलटापालट झाली होती.

त्यात आणखी गोम त्या शब्दात होती. घरातला पंखा करंट खातो आणि वारा देतो. आमचं मशीन वारा खातं आणि करंट देतं. पण गाव त्याला पंखाच म्हणणार. गावाचं कशाला, आम्ही स्वतःही साइटवर 'पंखा चालू, पंखा बंद' असंच बोलायचो. पंखा म्हटल्यावर तो वारा सोडणारच की!

बर्वे सरांचा फोन आला. मी सगळं उत्साहानं सांगितलं.

"इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले, "पण क्रेन उभी आहे. सोमवारपर्यंत बघ, नाहीतर साताऱ्याहून जाधवला पाठवतो. गावाशी बोलायला पुरुष माणूस बरा. तू टेक्निकल सांभाळ."

मला राग आला. जाधव आला की परत जाणार नव्हता, हे मला कळत होतं आणि सरांनाही. माझी खुर्ची वेशीवरच्या त्या बैलगाडीला अडकली होती.

दुसऱ्या दिवशी मी गौराव्वांच्या घरी गेले. म्हटलं, "अव्वा, आपण दोघी बघू. आधी कोण वळतं, वारं का पंखा?"

त्यांनी जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडली. ती बांबूला बांधून आम्ही माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, उभी केली. ही आमची वाऱ्याची खूण.

"आणि पंख्याचं तोंड मी बांधून ठेवते. सध्या ढग उगवतीकडनं येतायत, म्हणून उगवतीकडं पाठ, मावळतीकडं तोंड. ढग आला तरी वळणार नाही. मग वारं येतं का बघा. फक्त एक, वारा फार वाढला तर मशीनसाठी मला ते सोडावं लागेल."

"दोरखंडानं बांधतीस?"

"नाही अव्वा, बटणानं."

त्या खूप हसल्या. यॉ मॅन्युअलवर टाकला की डबा वळवून ठेवू तिथंच थांबतो, इतकंच ते.

इरफान मात्र डोकं खाजवत होता. "मॅडम, तोंड बांधलं अन् त्याच टायमाला पाऊस आला तर?"

"येतोय कुठला! हवामान कोरडं सांगितलंय."

हे वाक्य मी अजूनही विसरलेले नाही. इरफान तर मुळीच विसरू देत नाही.

त्याच दिवशी दुपार कलताना उगवतीला ढग चढला. मी आणि गौराव्वा माळवदावर. इरफान कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर, वारा वाढला तर तोंड सोडायच्या तयारीत. गावातली निम्मी माणसं आपापल्या माळवदांवर. आमचं मशीन ढगाकडं पाठ करून, रुसल्यासारखं उभं. लुगड्याची पट्टी लोंबत होती. मग तिचं टोक हललं. मग पट्टी सरळ मावळतीकडं ताणली गेली आणि अंगावर गार झुळूक आली.

"गाळी बंतु!" गौराव्वा ओरडल्या. वारं आलं!

आणि पंखा? जागचा हलला नव्हता. समोरच्या माळावर शेजारच्या गावची मशीनं होती, ती मोकळी होती. पट्टी ताणल्यानंतर, जरा वेळानं, ती एकेक करत ढगाकडं वळू लागली. गौराव्वा एकदा पट्टीकडं, एकदा तिकडं बघत होत्या. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. प्रयोग असा डोळ्यांदेखत उलगडताना बघायला मिळणं हे भाग्य असतं.

माझं भाग्य तेवढ्यावर थांबलं नाही. पाऊस आला.

साधासुधा नाही, आडवा झोडपणारा. आम्ही जिन्यानं खाली पळालो. गल्लीत माणसं भिजत नाचत होती. कुणीतरी ओरडलं, "मॅडमनं तोंड बांधलं अन् पाऊस आला!" मग सगळ्यांनी तेच उचललं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि तो कावळा मीच होते.

सरांना कळवलं. ते खुशीत.

"उत्तम! त्यांना तसंच वाटू दे. जमीन वाळली की क्रेन आत घाल."

सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली की गाव म्हणणार, बांधा तोंड. बांधून पाऊस नाही आला तर दोष माझा. आणि वादळात तोंड बांधलेलं राहिलं तर मशीन जायचं. त्याहून मोठं म्हणजे, इतका सुंदर प्रयोग करून त्याचा उलटा निकाल घेऊन जायचा, हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळात बैठक बसली. नारळ, हार, सगळा थाट. मी उभी राहिले.

"पाऊस मी आणला नाही," मी म्हणाले. "तोंड बांधल्यानं पाऊस येत नाही आणि सोडल्यानं जात नाही. परंड्याला, कळंबलाही काल पाऊस झालाय. घरी फोन करून विचारलंय मी. तिथं मी कुणाचं तोंड बांधलं नव्हतं."

इरफाननं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेली खुर्ची.

मग गौराव्वा बोलल्या. "खरं हाय तिचं. आधी फडकं उडालं, मागनं पंखे वळले. म्या बघितलं. अन् समोरचे पंखे तर ढगाकडं वळलेच की. मग पाऊस का न्हाय पळाला?"

"ते पंखे शेजारच्या गावचे, अव्वा," मागून एकजण म्हणाला. "आपला बांधला होता म्हणून आपल्याला पाऊस."

"अन् त्यांच्या रानात पडला त्यो काय हुता? दूध?"

हशा पिकला, पण वाद मिटेना. निम्मं देऊळ म्हणे तोंडामुळंच पाऊस, निम्मं म्हणे तोंडाचा संबंध न्हाय. शेवटी अण्णांनी हात वर केला.

"वाफसा आला की क्रेन घ्या आत." वाफसा म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी होते ती वेळ. "पण एक अट हाय. ह्या मॅडमच इथं पाहिजेत. दुसरा कुणी आला तर गाडी पुन्हा आडवी."

तोंडवाल्यांनी होकार दिला, कारण तोंड बांधायला कुणीतरी हवं. बाकीच्यांच्या वतीनं गौराव्वा म्हणाल्या, "पाऊस म्या आणला म्हणून हार घेणारे लई बघितले. म्या न्हाय आणला म्हणणारी ही पहिलीच. हिला हालवायची न्हाय."

मी हार घेतला नाही, नारळ घेतला.

वाफसा आला, क्रेन आली, बेअरिंग बदललं. पाती वर चढत होती तेव्हा गौराव्वा गाडीत बसून शेवटपर्यंत बघत होत्या. जाधव आला नाही. माझ्या पदातला 'तात्पुरती' हा शब्द गेला. सरांनी कारण सांगितलं, "तुझं पब्लिक हँडलिंग चांगलं आहे." बेअरिंगबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता दरवर्षी पावसानं ओढ दिली की अण्णांचा फोन येतो.

"मॅडम, जरा तोंड बांधता का?"

"अण्णा, त्यानं काही होत नाही."

"ठाऊक हाय. अव्वा रोज तेच सांगती. पण बांधून बघायला काय जातंय?"

एवढ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. प्रयोग करायचा तर निकाल आपल्याच बाजूनं लागेल असं धरून चालू नये. आणि लागलाच, तर तो नक्की कुणाच्या बाजूनं लागलाय, हे एकदा गावाला विचारून घ्यावं.