मिठाचे पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. युनियनच्या माणसांना तर नाहीच — त्यांच्यापुढे मी अजून चिटणीस आहे, दर एक मेला टेबलावर उभा राहतो, ‘स्थानिकांना आधी काम’ म्हणून ओरडतो, टाळ्या घेतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि आधीच बजावतो — ऐकून झाल्यावर ‘जाऊ द्या हो, तेव्हाची परिस्थितीच तशी होती’ असलं काही म्हणू नका. परिस्थिती-बिरिस्थिती काही नव्हती. मी होतो.

मी मूळचा मिठागरातला. कोलशेतच्या अलीकडे, खाडीकाठी आमचं गाव. आजा मिठागरात राबला, बाप राबला. मी सातवी पास झालो, ठाण्याच्या गिरणीत फिटर लागलो, पॅन्ट घातली, कोपरीला खोली घेतली — आणि गावाकडे जाणं टाळायला लागलो. का? पायांमुळे. हसू नका. दिवाळीनंतर आमची माणसं मिठागरात उतरतात, वाफ्यांचा तळ घट्ट व्हावा म्हणून अनवाणी चिखल तुडवतात, मग उन्हाळाभर त्याच खाऱ्या पाण्यात उभी. पायांना चिरा पडतात, कातडी पांढरी पडून सोलते, फोड येतात. पाऊस लागून मिठागर बंद झालं की महिन्याभरात सगळं आपोआप बरं होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मला मात्र त्या पायांची लाज वाटायची. बाप खोलीवर आला की मी त्याच्या पायांवर चादर टाकायचो, थंडीचं निमित्त करून.

मग कारखाना यायचा ठरला. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती, जिकडेतिकडे कारखान्यांचीच बोलणी — आणि हा नेमका आमच्या मिठागरावर. गावाने हरकत घेतली. इकडे ठाण्यात आमच्या युनियनचे पुढारी चहा पीत प्रादेशिक विकासावर बोलले. मिठाचा धंदा शेठच्या घशात जातो, अर्धं वर्ष काम आणि अर्धं वर्ष उपास, त्यापेक्षा बारमाही काम देणारा कारखाना बरा. खोटं नव्हतं ते. पण गावाला पटवणार कोण? मीच. देवळासमोर उभा राहून मी म्हणालो, हरकत मागे घ्या, घरटी एक माणूस कामाला लागेल, हा युनियनचा शब्द आहे. माझा चुलतभाऊ जनूदादा सगळ्यांत आधी उठला. ‘यो आपला हाय. यो बोलतो म्हंजे व्हणार,’ एवढंच बोलला. हरकत मागे घेतली गेली.

अर्धं मिठागर भराव घालून बुजवलं. उरलेल्या अर्ध्यात शेवटचं मीठ निघत होतं तेव्हाच आमच्या गिरणीचं एक खातं बंद पडलं. कपातीतली माणसं रोज युनियनच्या दारात. हे सभासद होते, हात वर करून मला निवडून देणारे. मिठागरवाल्यांकडे युनियनची पावती कुठे होती? कारखान्याच्या भरतीला कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मला बसवलेलं, कंपनीच्या डॉक्टरशेजारी. जागा थोड्या. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

गावची माणसं चैत्राच्या उन्हात रांगेत उभी राहिली. डॉक्टर मुंबईचा, तरुण. पाय बघून तो खुर्ची घेऊन मागेच सरकला. त्वचारोग, म्हणाला. एकेकाच्या नावापुढे ‘अपात्र’ लिहीत गेला. जनूदादाने माझ्याकडे पाहिलं. ‘आरं, सांग ना त्यांना. रोग नाय ह्यो, मिठाचं पाय हायेत.’ मी समोरचे कागद चाळत बसलो.

मी गप्प बसलो. हा माझा गुन्हा.

नाही — थांबा. हेही खोटंच. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा एवढंच सांगत आलोय, की गप्प बसलो. गप्प बसणं परवडतं, नाही का? खरं झालं ते असं. डॉक्टर माणूस बरा होता. रांग संपल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, तुम्ही इकडचेच ना, हे बरं होतं का? होत असेल तर महिन्याने पुन्हा तपासतो, तोवर यांच्या जागा ठेवतो. मी म्हणालो, ‘नाही साहेब. हे पिढीजात आहे. आणि पसरतं. आजूबाजूच्या गावात कुणी यांच्या हातचं पाणी घेत नाही.’

पाण्याचं कुणी विचारलं होतं? ते मी पदरचं घातलं. आणि बोलताना मला भीती वाटली नाही, वाईट वाटलं नाही — राग आला होता. साहेबासमोर मला ‘आरं’ म्हणणाऱ्यांचा, मला चिखलात अनवाणी पाहिलेल्या प्रत्येकाचा राग. गिरणीवाल्यांसाठी केलं, असं युनियनमध्ये मी भासवलं. त्यांना जागा मिळाल्याही. पण त्या क्षणी गिरणीवाले माझ्या डोक्यातही नव्हते. रांगेतलं कुणी रोज माझ्यासमोर यायला नको होतं, बस.

पावसाआधी उरलेलं मिठागरही बुजवलं. त्यानंतर महिन्याभराने जनूदादा युनियनच्या कचेरीत आला, गावाहून चालत. वहाणा काढल्या, पाय उचलून बाकावर ठेवले आणि म्हणाला, ‘बग.’ तळवे साफ. एक चीर नाही, एक फोड नाही. त्या दिवशी मी साहेबाला घाबरलो, असंच त्याला वाटत होतं. माझ्यावर राग नव्हताच. ‘आता ने मला डाक्टरकडं. आता तुला बोलाया पन नको.’

मी म्हणालो, भरतीची यादी कंपनीकडे गेली.

यादी गेली नव्हती. माझ्या कोपराखाली होती, आणि तिच्यात तीन जागा अजून कोऱ्या होत्या. जनूदादाला वाचता येत नव्हतं. त्याने कागदाकडे पाहिलं, ‘बरं’ म्हणाला, वहाणा घातल्या. दारातून वळून म्हणाला, ‘पुढल्या टायमाला ध्यान ठेव.’ त्या तीन जागा मी दुसऱ्या दिवशी भरल्या.

जनूदादाची आता पन्नाशी उलटली आहे. कोपरीच्या बंदरात पडावावरून रेतीच्या पाट्या उतरवतो. मी रस्त्याने जाताना दिसलो की पाटी एका हाताने सावरून दुसरा हात वर करतो. मीही करतो.