बेसिनखालचा आमोस

लेकीच्या लग्नात वायसरकाकांनी एकदा मान हलवली आणि व्याह्यांच्या देशात ते निवृत्त झाले.

प्रत्यक्षात काका सकाळी आठला पान्यांची पिशवी घेऊन जिना उतरतात आणि संध्याकाळी परततात. निम्म्या वस्तीच्या मोऱ्या, बेसिनं आणि टाक्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. गळती कितीही मोठी दिसली तरी बहुतेक वेळा दोष वायसरातच असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यामुळे शर्टाच्या खिशात एखाद-दोन वायसर कायम असतात आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

लेकीनं लग्न केलं ते स्पॅनिश बोलणाऱ्या घरात. लग्नाच्या जेवणात व्याही काकांच्या शेजारी बसले. खांद्यावर हात टाकून त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. लेक फोटो काढून घेत होती. काकांना एक अक्षर कळलं नाही, पण माणूस प्रेमाने बोलतोय एवढं कळलं. त्यांनी मान हलवली, वर हसलेही.

प्रश्न असा होता : मुलगी मार्गी लागली, आता काम सोडून तुम्ही आरामच करता ना?

तेव्हापासून लेकीच्या दर फोनला व्याह्यांचा निरोप येऊ लागला, 'आराम करणाऱ्या व्याह्यांना नमस्कार.' काकांना तो निरोप दाताखाली खडा यावा तसा लागायचा.

"बाबा, मी सांगते त्यांना की गैरसमज झाला," लेक म्हणाली.

"तू काही सांगू नकोस. काम माझं, तोंड माझं. मी सांगेन."

"तुम्हाला भाषा कुठे येते?"

"नळजोडणी तरी कुठे पोटातून शिकून आलो होतो?"

काकू लाँड्रीत इस्त्रीचं काम करतात, आणि त्यांची जीभही इस्त्रीइतकीच गरम असते. त्या फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "नंदीबैलासारखी मान हलवलीत ना, आता निस्तरा."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी स्पॅनिशचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई काकांच्या लेकीहून लहान आणि बाकीचे विद्यार्थी बाईंहून लहान. काकांनी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं आणि घरी येईपर्यंत सगळं सांडलं. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी बाईंनी फळ्यावर 'आब्लार', म्हणजे बोलणे, हा शब्द लिहिला. मग त्याचं शेपूट, 'आर' पुसलं आणि उरलेल्या 'आब्ल'ला एकेक नवं शेपूट लावून दाखवलं. मी बोलतो, आब्लो. तू बोलतोस, आब्लास. तो बोलतो, आब्ला. आम्ही बोलतो, आब्लामोस.

काका ताठ बसले. "बाई, म्हणजे पाइप कापायचा आणि फिटिंग चढवायचं."

"काय चढवायचं?"

"टोक कापलं की उरलेला पाइप तोच. पुढे कोण आहे ते बघून फिटिंग बदलायचं."

बाईंनी क्षणभर फळ्याकडे पाहिलं. "हो काका. अगदी तसंच."

त्या रात्री जेवणं झाल्यावर काकांनी जुन्या फिटिंगचा खणांचा डबा काढला आणि पांढऱ्या रंगाने एकेका तुकड्यावर रोमन अक्षरात एकेक शेपूट रंगवलं. 'मी'चा ओ बुचावर, कारण माणूस 'मी' म्हणाला की पाइप तिथेच संपतो. 'आम्ही'चा आमोस एल्बोवर, म्हणजे कोपरासारख्या वाकड्या जोडावर, कारण 'आम्ही' म्हणायचं तर माणसाला थोडं वळावं लागतं.

"मग तुम्हाला तो कधी लागणार?" काकूंनी विचारलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका जमिनीवर बसून पाइपच्या तुकड्यावर फिटिंग चढवत आणि प्रत्येक फेऱ्याला मोठ्याने बोलत. बोलणे झालं, काम करणे झालं, आराम करणेही झालं. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, "वहिनी, भाऊंना बरं नाही का?" काकू म्हणाल्या, "नळाने झपाटलंय."

'एर' आणि 'इर' शेपटांची क्रियापदं आली तेव्हा काकांनी दोन्हींची फिटिंग शेजारी मांडली आणि सहा शेपटांपैकी चार दोन्हींना चालतात हे स्वतः ताडलं. पुढच्या शनिवारी त्यांनी ते वर्गात सांगितलं. मुलांनी बाकं वाजवली. घरी येताना काकांनी वाटेत तीन ओळखीच्या माणसांना थांबवून तेच सांगितलं. तिघांनाही काही कळलं नाही, पण काकांची छाती बघून त्यांनी वा वा केलं. नियम न पाळणारी क्रियापदंही असतात, असं बाई म्हणाल्या तेव्हा काकांनी ती बाजूला ठेवली. "हट्टी गिऱ्हाइकं नंतर. आधी सरळ."

मग व्याही-विहीणबाईंचं लेक-जावयाबरोबर यायचं ठरलं. ज्या दिवशी येणार त्याच सकाळी काकांच्या घरचं बेसिन गळू लागलं. प्लंबरच्या घरी गळती! काका पाना घेऊन खाली शिरले, डब्यातून हाताला आला तो एल्बो काढला, टेप गुंडाळून घट्ट बसवला, पाणी सोडलं. थेंब नाही. मग मागे सरकून पाहतात तर एल्बोवर पांढरीशुभ्र अक्षरं : आमोस.

"हे काय गोंदवून ठेवलंत?" काकू म्हणाल्या. "भिंतीकडे फिरवा."

"एल्बो कसा फिरवू? पाइप खाली जायला तोंड खालीच हवं. फिरवला तर गळेल."

काकूंनी पुढ्यात बादली ठेवली.

पाहुणे आले. काका नव्या कडक शर्टात खुर्चीवर बसले. वाक्य तयार होतं : यो त्राबाखो, मी काम करतो. व्याह्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबला आणि भरभर काहीतरी विचारलं. त्यात काकांना एकच शब्द सापडला, 'देस्कान्सा'. आराम करता. हीच ती वेळ. काकांच्या तोंडाला कुलूप लागलं. घशातून फक्त "सी" निघालं. हो.

लेकीने खाली पाहिलं. काकूंनी कपाळावर हात मारला नाही, पण तो अर्ध्यापर्यंत गेला होता.

थोड्या वेळाने व्याही हात धुवायला आत गेले. साबण निसटून बादलीमागे गेला, म्हणून त्यांनी बादली सरकवली. मग आतून मोठी हाक आली, आणि काका धावले. गळती, दुसरं काय! बघतात तर व्याही उकिडवे बसून हसत हसत एल्बोकडे बोट दाखवत होते. "आमोस?"

काका नव्या शर्टानिशी फरशीवर बसले आणि सवयीने एल्बोवर हात ठेवला. कोरडा होता. हाताला लोखंड लागलं तसं तोंड मोकळं झालं.

"यो त्राबाखो," ते म्हणाले. एल्बोवर थाप मारली. "नो देस्कान्सो. त्राबाखो!" बाहेरच्या खोलीत विहीणबाई आणि काकू आपापल्या भाषेत एकदम बोलत होत्या, तिकडे बोट करून म्हणाले, "एयास आब्लान." त्या बोलतात. मग व्याह्यांकडे वळून, "उस्तेद देस्कान्सा?" तुम्ही आराम करता?

व्याही हसायचे थांबले. आयुष्यभर ट्राम चालवून ते लग्नाच्या आदल्याच महिन्यात घरी बसले होते. "देस्कान्सो," ते म्हणाले आणि दोन्ही मोकळे तळवे पुढे धरले. लग्नाच्या जेवणातला तो प्रश्न कुठून आला होता, ते काकांना तेव्हा कळलं.

दारात लेक उभी होती. नवऱ्याला ती म्हणाली, "मी एक शब्द शिकवला नाही हं. सगळं बाबांचं." नवऱ्याला मराठी येत नाही, हे ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गल्लीतून फोन आला, टाकी वाहतेय. काका पिशवी घ्यायला वळले तर व्याही बूट घालून, पिशवी हातात घेऊन उभे.

"अहो, पाहुणे आहेत ते!" काकू ओरडल्या. "पाहुण्याला कामाला जुंपता?"

भाषांतराची वाट न पाहता व्याह्यांनीच उत्तर दिलं. "त्राबाखामोस."

"काय म्हणाले?"

"आम्ही काम करतो म्हणाले," काका म्हणाले. "लागला की नाही एल्बो?"

जिन्यात शेजारीण भेटली. "भाऊ, नवा माणूस ठेवलात?"

"माणूस कसला? व्याही आहेत माझे," काका म्हणाले, आणि पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेऊन पुढे निघाले.