माकडहाडाचं बारसं

माझी लेक माणसाच्या मणक्यात बसवायचे स्क्रू तपासते. ती ज्या कारखान्यात नोकरी करते तिथे असे स्क्रू तयार होतात, आणि त्यातला एखादा केसाएवढा वाकडा निघाला तर ही बाई अख्खी खेप परत पाठवते. तिलाच स्वतःच्या मणक्याच्या शेवटच्या टोकावर बसता येईना. दोन हजार वीसच्या वसंतात तिला मुलगी झाली. नात गोड होती, पण येताना आईच्या माकडहाडाला लाथ मारून आली होती.

मी डिंक, अळीव आणि खारका घेऊन बाळंतपणासाठी डब्लिनला पोचले, आणि पाठोपाठ विमानं बंद झाली. आमचे हे पुण्यात अडकले, मी सिटीवेस्टमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. खिडकीखालून लुआसची ट्राम घंटा वाजवत रिकामी जायची. जावई बेडरूममध्ये वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पँट घालून मीटिंगा करायचे.

लेक बसूच शकत नव्हती. खुर्चीला टेकली की चेहरा पांढरा व्हायचा. बाळाला पलंगावर ठेवायची, आपण जमिनीवर गुडघे टेकायची आणि गाय वासरावर वाकते तशी वाकून पाजायची. पाजून झालं की पाठ धरून उभी राहायची, आणि तोवर पुन्हा पाजायची वेळ झालेली असायची. जावयांनी शेजारणीकडून तिच्या मुलाची पोहायची हवेची ट्यूब आणली. तिला बदकाचं डोकं होतं. लेक त्यावर बसली तेव्हा बदक असं काही ओरडलं की बाळ दचकून रडायला लागलं. बदक परत गेलं.

एकदा ती म्हणाली, "आई, मी बाटली सुरू करते. मला रोज तिला भूक लागायची भीती वाटते."

बाटलीला माझी ना नव्हती. भीतीला होती. पोरीच्या भुकेला घाबरणारी आई मला घरात नको होती.

इथल्या नर्सबाई फोन करून चौकशी करायच्या. त्यांनी कसं वाटतंय असं विचारलं की लेक म्हणायची, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त'. हे ती गुडघ्यांवर उभी राहून, डोळे पुसत म्हणायची.

"खोटं का बोलतेस?" मी विचारलं.

"सगळ्यांचंच दुखतं गं. बाहेर लोक मरतायत, मी बुड दुखतं म्हणून फोन करू?"

हे मी ओळखलं. वाक्य तिचं होतं, पण चाल माझी.

तिच्या वेळी माझंही माकडहाड असंच दुखावलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवायचे, आणि स्वतःला फार सोशिक समजायचे. त्या बयेचं मला आजही हसू येतं. कुणाला सांगायचं तर अवयवाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते तिच्या सभ्यतेत बसेना. म्हणून ती उभ्यानं जेवायची आणि त्यानं अन्न चांगलं पचतं असं सासूबाईंना सांगायची. सासूबाईंना ते पटलं आणि त्याही उभ्यानं जेवायला लागल्या. शाळेत ती सबंध तास खुर्चीला शिवायची नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, "शिक्षिका वर्गात कधीही बसत नाहीत. अनुकरणीय." तो शेरा आमचे हे पाहुण्यांना अजून ऐकवतात.

तर अशा घराण्यात बारशाची वेळ आली.

माझ्या विहीणबाई नागपूरच्या. जीव लावणाऱ्या, पण रीत म्हणजे रीत. सव्वा महिन्यानं व्हिडिओवर बारसं करायचं ठरलं. सून पैठणी नेसून, मांडी घालून पाटावर बसेल, मी ओटी भरीन, आणि सगळं गणगोत आपापल्या चौकोनातून बघेल.

"आई, मी बसू शकत नाही," लेक मला म्हणाली.

"तसं सांगू त्यांना."

"नको. पंचवीस घरांसमोर काय सांगू? बसते मी. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

अर्धा तास बसली असती तर पुढे आठवडाभर तिला उठवायला क्रेन लागली असती. मी विचार केला आणि मला एक कल्पना सुचली. आता वाटतं, त्यापेक्षा नागपूरला एक फोन करणं सोपं होतं. पण साठी उलटली तरी आतली ती गणिताची बाई पुरती मेलेली नव्हती.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. जावयांनी टंचाईच्या भीतीनं एक अख्खी प्रेस संडासच्या कागदांच्या गुंडाळ्यांनी भरून ठेवली होती. मी त्या काढल्या आणि जावयांच्या जुन्या ट्रॅक पँटमध्ये ठासून भरल्या. गुडघ्यांच्या जागी दोन दोन घातल्या, म्हणजे बाक नीट येईल. मग त्या पायांची मांडी घातली, सुतळीनं बांधली, प्रेसच्याच काढलेल्या फळीचा पाट केला, त्यावर ही मांडी ठेवली आणि वर पैठणीच्या निऱ्या पसरल्या. मागे दोन उशांवर लेक गुडघे टेकून उभी. तिच्या कमरेला परकर, खांद्यावर पैठणीचा पदर. पदराचं नि तिच्या खांद्याचं नातं फक्त दोन सेफ्टी पिनांचं होतं.

जावई लांबून बघून म्हणाले, "आई, हिचे पाय जरा जाड वाटतात."

"बाळंतीण आहे. असायचेच."

पाळण्याशी पाच सवाष्णी लागतात. हजर मी एकटी, म्हणून दुसरी सवाष्ण जावई झाले.

बारसं सुरू झालं. एकेक चौकोन उघडत गेला. नागपूर, पुणे, अमरावती, कुठलीशी आत्या मस्कतहून. विहीणबाईंनी सुनेकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"किती ताठ बसली आहे पाहा. आजकालच्या मुलींना मांडी घालता येत नाही म्हणतात."

"लहानपणापासून सवय आहे," मी म्हणाले.

मी हळदकुंकू लावलं. ओटीतला नारळ मी मांडीवर ठेवला तेव्हा एक गुडघा हळूच आत गेला. मी तो औक्षणाच्या निमित्तानं बाहेर ओढला. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात बाळानं पाळण्यात दूध ओकलं आणि त्याला ठसका लागला. लेक काही विचार न करता उठली. दोन पावलांत पाळण्याशी गेली, बाळाला उचलून खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटत खोलीत फिरायला लागली. पिना तुटल्या. पैठणीतली मांडी नारळासकट पाटावर बसून राहिली.

सगळे चौकोन पुढे झुकले.

जावयांच्या आजी नव्वदीच्या आहेत. त्या स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तुझे पाय राहिले तिकडे."

"तुम्ही हे काय करून राहिल्या विहीणबाई?" नागपूरहून विचारणा झाली.

"ही इकडची पद्धत आहे," मी म्हणाले. याहून मूर्ख उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

"आई, पुरे," लेक म्हणाली. बाळाला थोपटत, परकरावर, पंचवीस घरांसमोर उभी राहून म्हणाली, "मला बसता येत नाही. माकडहाड दुखतं. पाजताना रडायला येतं. ही मांडी संडासच्या कागदाची आहे."

काही चौकोनांतले काका, मामा कॅमेरे बंद करून पटापट काळे झाले. विहीणबाई मात्र तशाच बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"याच्या वेळी," त्या आपल्या लेकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तीन महिने मला बसता नव्हतं येत. बारशाला बसली मी. दात चावून बसली. फोटोत सगळे म्हणतात, किती गंभीर दिसते."

"मी पोळपाटाशी उकिडवी बसायचे," मस्कतच्या आत्या म्हणाल्या. "सासरे म्हणायचे, बसण्यात नम्रता आहे."

"मला तर वाटलं, मला एकटीलाच शेपूट फुटतंय," आजी म्हणाल्या.

मग मीही शाळेचं सांगून टाकलं. पुण्याच्या चौकोनात आमचे हे कॅमेऱ्याजवळ सरकले.

"म्हणजे तो शेरा," ते म्हणाले.

"माकडहाडाचा," मी म्हणाले.

"मी तो तुझ्या निवृत्तीच्या समारंभात वाचला होता."

"छान वाचला होतात."

विहीणबाईंनी चष्मा परत चढवला. "सूनबाई, तू आडवी हो पहिले. कुशीवर. बाळाला जवळ घे. नाव काय, आडव्या आईच्या बाळालाही लागते."

लेक सोफ्यावर कुशीवर झाली. बाळ तिच्या पोटाशी चिकटलं आणि तसंच प्यायला लागलं. वाकायला लागलं नाही. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही, कारण मोठी झाल्यावर ती कुठे कुठे तक्रार करील याचा भरवसा नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा आई आणि बाळ दोघी झोपलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा फोन आला. लेकीनं 'ग्रँड' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग सगळं सांगितलं, अगदी बदकासकट. नर्सबाई तिच्यावर जराशा रागावल्या. आधी का नाही बोललीस म्हणाल्या, आणि इस्पितळातल्या फिजिओकडे तिची वेळ ठरवून दिली. फिजिओबाईंनी मागच्या बाजूला खाच असलेली गादी घ्यायला सांगितलं, पुढे झुकून बसायला शिकवलं, कुशीवर पाजायला शिकवलं. दुखणं एकदम गेलं नाही. महिन्यागणिक थोडं थोडं जात राहिलं, मधेच परत यायचं. पण नातीच्या भुकेची भीती मात्र पहिल्या आठवड्यातच गेली.

एकवीस सालच्या सुरुवातीला, विमानं अजून धड सुरू नव्हती, एका दुपारी मी वरणभात केला होता. लेक टेबलाशी साध्या लाकडी खुर्चीवर बसून जेवत होती. गादी सोफ्यावरच राहिली होती. तिच्या ते लक्षात नव्हतं. जावई दारात थबकले. मी वाढायची पळी हातात धरून उभी राहिले. तिनं भात संपवला, ताट पुसलं आणि मान वर केली.

"आई, अजून भात वाढ," ती म्हणाली. "आणि दोघं असे उभे काय राहिलात? बसा की."