झलकीतली मेंढरं

टीव्हीवर तो शर्यतीचा कार्यक्रम लागायचा. जोड्याजोड्यांनी देशभर पळायचं, चिठ्ठी मिळाली की पुढचं ठिकाण गाठायचं. आम्हा चाहत्यांचा फोनवर ग्रुप होता आणि आमचा खेळ वेगळाच. पुढच्या भागाची झलक आली की ती थांबवत थांबवत बघायची आणि शर्यत आता कुठे जाणार ते ओळखायचं. विजेचा खांब, मातीचा रंग, छपराची कौलं, काहीही पुरायचं. सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवसभर मालाचे नमुने बघून माझी नजर तयार झाली होती. माझा अंदाज क्वचितच चुकायचा आणि त्याचा मला माज होता, हेही सांगून टाकते.

श्रावणातल्या एका झलकीत हिरवंगार पठार होतं, धुकं होतं, धावणारी एक जोडी होती. ग्रुपवर कुणी मेघालय म्हणालं, कुणी कूर्ग. मी जोडीकडे बघतच नव्हते. त्यांच्या मागे दहाबारा मेंढरं उभी होती. पाठीवर लाल रंगाचे दोन आडवे पट्टे आणि शेपटीजवळ एक ठिपका. ती आमच्या घराची खूण होती. मेंढरांच्या पलीकडे घोंगडं पांघरलेला एक माणूस पाठमोरा उभा होता.

आम्ही आटपाडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ. सात वर्षांपूर्वी वडील नेहमीसारखे कळप घेऊन पश्चिमेला गेले. सोबतच्यांनी मेंढरं परत आणली, वडील आले नाहीत. सकाळी उठून बघितलं तर तळावर नव्हते, एवढंच ते सांगत. मेंढरं आम्ही विकून टाकली. आता चुलत्यांनी ठरवलं होतं, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि आईनं कुंकू पुसायचं. त्यासाठी रविवार धरला होता.

मी फोन आईपुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"विकलेली मेंढरं असतील, जुनी खूण राहिली असेल," मी म्हटलं.

"लोकर कातरली की खूण जाती, बाई. ही औंदा वढलीया कुनीतरी."

मी चित्र मोठं केलं, रंग ताजाच होता.

पठाराच्या कडेचा काळा कातळ मी ओळखला होता. लहानपणी वडिलांच्या मागे तिथून चालले होते. मेढा गावाच्या वरचं पठार ते. उत्तर माहीत असून ग्रुपवर गप्प बसायची माझी ती पहिलीच वेळ. शुक्रवारी रजा टाकली आणि आईला घेऊन एसटीनं मेढा गाठलं, तिथून जीपनं वर गेलो.

पठाराखालच्या वाडीत एक बाई म्हणाली, "शूटिंगवाली आलती व्हय, धा दिस झालं. मेंढरं? आवं, ह्या पावसात हिकडं मेंढरं कोन आनतंय? खुरं कुजून मरत्याल की."

आईला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ती पुढे चालत राहिली.

वर धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. सगळं पठार निथळत होतं. एका ठिकाणी मात्र गोल जागेत गवत दबलेलं होतं, कळप बसून उठावा तसं. आई वाकली आणि तळहात टेकवला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. जमीन कोरडी होती आणि ऊब होती तिला. कुठे घुंगराचा आवाज नाही, मेंढराचं ओरडणं नाही. मला भीती वाटली, साधीसुधी नाही.

मी हाक मारणार, तोच आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"जित्तं आसतील तर सात वर्सं आपल्याला टाकून हायती," ती हळूच म्हणाली. "न्हाईतर हे काय हाय ते मला बघायचं न्हाई. ह्यातलं कुटलं खरं व्हावं म्हनू मी? तू लय ठिकानं वळखतीस, एवढं सांग."

मी तिचा हात धरला आणि आम्ही खाली उतरायला लागलो.

परतताना एसटीत तिनं मला झलक फोनमधून काढून टाकायला लावली. ती चुलत्यांना दाखवली असती तर विधी तिथंच थांबला असता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

रविवारी पुतळा रचून झाला. चुलते पेटती काडी हातात घेऊन थांबले आणि म्हणाले, कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला. मी आईकडे बघितलं. तिनं पदरानं स्वतःचं कपाळ पुसलं.

"पेटवा," ती म्हणाली.