एका आवाजासाठी अँटेना

छपराखालच्या ॲटिकमधून खाली उतरले तेव्हा माझ्या केसांत गुलाबी इन्सुलेशनचे तुकडे अडकले होते आणि मोघे काका शिडीखाली उभे राहून विचारत होते, "मग? माझं काही चुकलंय का?"

चुकायचं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं त्यांनी. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तोंडावर कसं सांगणार? म्हटलं, "काका, आधी चहा घेऊ."

मी कॅनडात सस्काटूनमधल्या एका छोट्या टू-वे रेडिओच्या दुकानात टेक्निशियन आहे. खाणी, ट्रकवाले, मोठे शेतकरी यांना वॉकीटॉकी बसवून देणं, त्यांच्या टॉवरवर चढणं आणि उतरल्यावर आपल्याला भीती वाटली नाही असं सांगणं, हे माझं काम. घरगुती कामं आम्ही सहसा घेत नाही. हे २०१६च्या सप्टेंबरात आलं आणि आमचा मालक डग याने ते माझ्या गळ्यात मारलं.

"नाव तुमच्याकडचं दिसतंय. तू जा," तो म्हणाला.

"आमच्याकडे अब्जावर माणसं आहेत, डग."

"मग ओळख निघेलच कुठेतरी."

निघालीच. मोघे काका पोटॅशच्या खाणीतून रिटायर झालेले मायनिंग इंजिनियर. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांना लांबून पाहिलेलं होतं. कोणाशी फारसं न बोलता प्लेट घेऊन कोपऱ्यात उभे असायचे.

त्यांच्याकडे एक स्कॅनर होता. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा रेडिओ. फायर ब्रिगेड, रेल्वे, विमानं यांचे लोक आपापसांत वायरलेसवर जे बोलतात, ते त्यावर घरबसल्या ऐकता येतं. त्यावर बोलता मात्र येत नाही. काकांचा स्कॅनर बेसमेंटमध्ये होता आणि त्यातून नुसती खरखर येत होती.

"तुम्हाला नक्की काय ऐकायचंय?" मी विचारलं.

"सगळंच. जनरल. रिटायर्ड माणूस, वेळ जात नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार होता. कारण स्कॅनरमध्ये शेकडो चॅनेल ठेवता येतात आणि यांनी एकच ठेवलं होतं. जनरल ऐकणारा माणूस चारी दिशांचं पकडणारी अँटेना आणतो. यांनी आणली होती यागी, म्हणजे एका दांडीवर आडव्या काड्या असलेली, एकाच दिशेला कान लावून बसणारी अँटेना.

किचनमधून काकूंचा आवाज आला, "निखिलला ऐकायचंय त्यांना. सांगा की सरळ!"

काका चहाच्या कपात बघत राहिले.

निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा. मेडिकलला गेला आणि दुसऱ्या वर्षी सोडून आला. मला ॲम्ब्युलन्सवर काम करायचंय म्हणाला. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काका त्याला म्हणाले, "माझ्यासाठी तू मेलास." आपल्याकडे बाप रागाच्या भरात असं बोलतात आणि रात्री 'जेवला का तो?' म्हणून आईला विचारतात. इथे वाढलेल्या पोराला ते ठाऊक नव्हतं. त्याने शब्द जसेच्या तसे घेतले. तासाभराच्या ड्राइव्हवरच्या एका लहान गावात रेस्क्यू सर्व्हिसमध्ये लागला आणि पुन्हा घरी आला नाही. काकू ग्रोसरीला गेल्या की पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याच्याशी फोनवर बोलत. काकांना ते माहीत होतं. माहीत आहे असं ते दाखवत नसत.

आता चुका. काकांनी अँटेना ॲटिकमध्ये बसवली होती. तिथल्या इन्सुलेशनला बाहेरून चकचकीत फॉइल होतं. फॉइलमधून रेडिओचा सिग्नल जात नाही, म्हणजे अँटेना डब्यात घालून झाकण लावल्यासारखीच होती. केबल बारीक आणि लांबलचक, त्यामुळे जे काही पकडलं जाई ते बेसमेंटपर्यंत पोचेतो निम्मं गळून जाई. ती तूट भरायला मध्ये ॲम्प्लिफायर लावला होता. तो सिग्नलबरोबर खरखरही मोठी करत होता.

सगळ्यात गंमत म्हणजे अँटेनाच्या काड्या आडव्या होत्या.

"अहो काका, या उभ्या हव्यात. गाड्यांवरच्या आणि टॉवरवरच्या अँटेना उभ्या असतात, त्यांचा सिग्नलही उभाच येतो."

"पण दूरदर्शनची अँटेना तर आडवी असायची! पुण्यात आमच्या गच्चीवर मी स्वतः बसवलेली."

"ते टीव्हीचं वेगळं. इथे दूरदर्शन नाही लागत."

काका पहिल्यांदाच हसले. पुढचं सांगितल्यावर मात्र हसू गेलं. त्यांनी होकायंत्र लावून अँटेना निखिलच्या गावाकडे अगदी अचूक वळवली होती. पण गाडीतला रेडिओ दुबळा असतो, त्याचा आवाज थेट आपल्यापर्यंत येत नाही. गावापासून दूर एका टेकाडावर टॉवर असतो. तो गाडीतलं बोलणं ऐकतो आणि तेच जोरात पुन्हा सगळीकडे पाठवतो. त्याला रिपीटर म्हणतात. अँटेना त्या टॉवरकडे हवी होती, आणि तो टॉवर बराच दक्षिणेला होता.

"पण तो राहतो इकडे," काका भिंतीकडे बोट करून म्हणाले.

"आवाज तिकडून येतो, काका."

त्यांना ते पटलं. आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी अँटेना घराबाहेर छपराच्या टोकाशी पाइपवर चढवली. काड्या उभ्या केल्या, तोंड टॉवरकडे. जाड केबल टाकली, ॲम्प्लिफायर काढून टाकला, विजेसाठी अर्थिंग दिलं. स्कॅनर बेसमेंटमधून काढून वर फॅमिली रूममध्ये आणला. काकू खाली शिडी धरून ओरडत होत्या, "अगं, बायकांनी कशाला चढायचं गं!" तरी शिडी घट्ट धरली होती त्यांनी.

मग आम्ही तिघं बसून राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम, शेजारच्या खोलीतून यावा तसा, तरुण आवाज आला. "रेस्क्यू वन, वी आर क्लिअर. हेडिंग बॅक."

काकांनी डोळे मिटले. "घसा बसलाय त्याचा," ते म्हणाले.

"मग फोन करून विचारा," काकू म्हणाल्या.

"त्याने करावा."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळतोय हे समोर दिसत होतं.

निघताना मी काकांना नियम सांगितला. असल्या कामानंतर तो मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. घरात बसून ऐकायला हरकत नाही, पण ऐकलेलं बाहेर कोणाला सांगायचं नाही, ऐकवायचं तर अजिबात नाही. त्यावर लोकांचे अपघात असतात, आजार असतात, पत्ते असतात.

"मी कोणाला सांगणार?" काका म्हणाले. खरंच होतं. तेव्हा ते कोणाशी बोलतच नसत.

पण माणूस बदलला. दोन महिन्यांनी मंडळाची दिवाळी होती, शाळेच्या हॉलमध्ये पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. मी पुऱ्यांच्या रांगेत उभी होते आणि बघते तर मोघे काका मधोमध, भोवती सात-आठ जण. इतकी वर्षं कोणी 'मुलगा काय करतो?' विचारलं की हे विषय बदलायचे. त्या दिवशी फोन हातात धरून ऐकवत होते.

आदल्या आठवड्यात हायवेवर ब्लॅक आइस झालं होतं, म्हणजे रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर. एक गाडी उलटली होती. स्कॅनरवर निखिल बोलत असताना काकांनी ते फोनमध्ये रेकॉर्ड केलं होतं. गाडीतला माणूस गावातल्या मोटेलचा मालक आहे, नाडी लागत नाही, सीपीआर सुरू केलाय, असं तो मुलगा एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या शांतपणे सांगत होता. आणि शेवटी, अगदी फोनजवळ, काकांचा स्वतःचा आवाज होता. "हा आमचा निखिल. बघा, किती शांत बोलतो."

मी रांग सोडून गेले. "काका, हे ऐकवायचं नसतं. मी सांगितलं होतं ना?"

"अगं, आपलीच माणसं आहेत."

"तो माणूस वाचला का?"

"नाही गं. पण निखिलने प्रयत्न केले ना, ऐकलंस ना तू?"

त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की माझं पुढचं बोलणं कोणी ऐकलं नाही. कोणीतरी म्हणालं, "काका, मला फॉरवर्ड करा ना, माझ्या मुलाला ऐकवतो. इंजिनियरिंगशिवाय काही असतं हे त्याला कळू दे." काकांनी फॉरवर्ड केलं.

डिसेंबरात त्यांचा मला फोन आला.

"वर्षा, अँटेना हललीय. वाऱ्याने फिरली असणार. कितीतरी दिवस झाले, निखिलचा आवाज येत नाही."

उणे तीस अंशांच्या थंडीत मी शिडी लावली. बोटं बधिर होईपर्यंत तपासलं. पाइप घट्ट, तोंड टॉवरकडेच. कनेक्टर उघडून पाहिला, आत पाण्याचा थेंब नाही. केबल मीटर लावून मोजली, ठणठणीत. आत येऊन स्कॅनर लावला तर चॅनेलवर माणसं व्यवस्थित बोलत होती. रेस्क्यू वनवर एक बाई होती. तिचा शब्दन्‌शब्द कळत होता.

आमच्या कामात असा एक क्षण येतो. सगळं तपासून झालेलं असतं, काही बिघडलेलं नसतं, म्हणजे बिघाड दुसऱ्या टोकाला असतो. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मला किचनमध्ये खुणावलं आणि सिंकचा नळ सोडून ठेवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

ती क्लिप कोणाकोणाच्या फोनवरून मोटेलवाल्यांच्या मुलीपर्यंत पोचली होती. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता आणि त्यांची शेवटची मिनिटं तिला एका मैत्रिणीच्या फोनवर ऐकायला मिळाली. गुजराती पोरगी, मराठी येत नव्हतं. 'निखिल' हे नाव मात्र कळलं. त्या सर्व्हिसमध्ये निखिल एकच. तिने तक्रार केली आणि सर्व्हिसच्या वरिष्ठांनी त्याला बोलावून विचारलं. तो शपथेवर म्हणाला, मी कोणाला काही दिलेलं नाही. मग त्यांनी त्याच्यासमोर ती क्लिप लावली.

"बाबांचा आवाज किती म्हातारा झालाय गं, आई, एवढंच म्हणाला मला," काकू सांगत होत्या. "काढलं नाही कोणी त्याला. पण ती मुलगी रोज समोर दिसणार. त्याने रिझाइन केलं. पार उत्तरेला, युकॉनमध्ये कुठल्याशा खाणीच्या कॅम्पवर मेडिक म्हणून गेलाय. नवा नंबर कळवतो म्हणाला होता."

"कळवला?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"यांना मी नाही सांगू शकत. तू सांग. तू टेक्निकल भाषेत सांग."

याला टेक्निकल भाषा नसते. मी बाहेर जाऊन जेवढं ऐकलं तेवढं सांगितलं. त्याने आवाज म्हातारा झाल्याचं म्हटलं तेवढं गाळलं. मग वाटलं, यात यांच्या वाट्याचं काही असेल तर तेवढंच आहे, म्हणून तेही सांगितलं.

काका म्हणाले, "मी त्याचं कौतुकच करत होतो."

"अहो, एकदा त्याच्यापाशी करायचं होतं," काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, आणि मला वाटतं ओरडल्या असत्या तर त्या खोलीत बसणं सोपं गेलं असतं.

"युकॉन," काका म्हणाले. "यापेक्षा मोठी अँटेना असते ना? उंच टॉवर उभारला तर?"

आयुष्यभर इंजिनियर असलेला माणूस. पृथ्वी गोल आहे, हा सिग्नल क्षितिजापर्यंत जातो आणि पुढे सरळ आकाशात निघून जातो, हे त्यांना मी सांगायला नको होतं. तरी सांगितलं. कागदावर आकृतीही काढून दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे नाहीच?"

"नाही, काका."

हिवाळा संपल्यावर मी अँटेना उतरवायला गेले. काकूंनीच बोलावलं होतं. काकांनी उतरवू दिली नाही. ते स्कॅनरपाशी बसलेले होते, आणि चॅनेलवरच्या परक्या माणसांपैकी कोण कसा बोलतो हे आता त्यांना पाठ झालं होतं. मी चहा न घेताच निघाले.

दुकानात डगने विचारलं, "शेवटी प्रॉब्लेम काय होता तिथे?"

"काही नाही. रिसेप्शन उत्तम आहे."

अँटेनाबद्दल लोक मला अजून विचारतात, तेव्हा खरं ते सांगते. बाहेर लावा, उंच लावा, काड्या उभ्या ठेवा, केबल जाड घ्या, ॲम्प्लिफायरच्या नादी लागू नका. एवढं केलं की शंभर किलोमीटरवरचा माणूससुद्धा खोलीत बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. तो माणूस घरातलाच असेल, तर मात्र यातलं काहीही करू नका. डग म्हणतो, असं सांगत राहिलीस तर दुकान बंद पडेल. पडू दे.